विरुद्ध दिशांच्या दोन मनोऱ्यांसाठी घरचा अँटेना कसा निवडावा

घर दोन प्रक्षेपण मनोऱ्यांच्या मध्ये असले, म्हणजे काही वाहिन्या पूर्वेकडून आणि काही पश्चिमेकडून येत असल्या, की नेहमीचा सल्ला अपुरा पडतो. अँटेना उंच लावावा आणि त्याचे तोंड मनोऱ्याकडे करावे, हे एका दिशेपुरते बरोबर आहे. दोन दिशांचा प्रश्न असेल, तर अँटेनाचे तोंड जितके महत्त्वाचे, तितकीच त्याची पाठही महत्त्वाची असते. समोरून येणारा सिग्नल अँटेना किती पकडतो, हे खोक्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते. पाठीमागून येणाऱ्या सिग्नलचे तो काय करतो, हे मात्र बहुधा बारीक अक्षरांत असते किंवा मुळीच नसते. नवख्या माणसाचे पैसे आणि श्रम वाया जातात ते बहुतेक वेळा याच ठिकाणी, म्हणून पुढील प्रत्येक पायरीवर हा पाठीचा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला आहे.

पायरी १ : प्रत्येक वाहिनीची नोंद

दुकानात जाण्यापूर्वी कागदावर एक तक्ता करावा. ज्या वाहिन्या हव्या आहेत त्या प्रत्येकीपुढे मनोऱ्याची दिशा अंशांत, त्याचे घरापासूनचे अंतर, प्रक्षेपणाची खरी वारंवारता, मनोऱ्याची शक्ती आणि लहरींचे ध्रुवण (त्यांच्या कंपनाची दिशा) आडवे आहे की उभे, या पाच गोष्टी लिहाव्यात. अनेक देशांत प्रसारणाचे नियमन करणाऱ्या संस्था ही माहिती सर्वांसाठी खुली ठेवतात, आणि नकाशावर आपले घर शोधून मनोऱ्यापर्यंत सरळ रेष ओढली की दिशा आणि अंतर या दोन्ही गोष्टी आपल्यालाही काढता येतात.

येथे दोन चुका हमखास होतात. पहिली चूक म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर दिसणारा क्रमांक हाच खरा चॅनेल क्रमांक समजणे. डिजिटल प्रक्षेपणात पडद्यावरचा क्रमांक प्रेक्षकांच्या सोयीसाठी दिलेला असतो. ती वाहिनी प्रत्यक्षात अगदी वेगळ्या वारंवारतेवर असू शकते, आणि अँटेनाला कळते ती फक्त वारंवारता. दुसरी चूक होकायंत्राची. नकाशावरची उत्तर ही भौगोलिक उत्तर असते आणि होकायंत्राची सुई चुंबकीय उत्तर दाखवते. या दोन्हींतला फरक काही ठिकाणी नगण्य असतो, तर काही ठिकाणी दहा अंशांहून अधिक असतो. त्यातच होकायंत्र लोखंडी खांबाला चिकटवून धरले, तर सुई खांबाकडेच ओढली जाते. दिशा घेताना खांबापासून काही पावले दूर उभे राहावे.

वारंवारतेचा रकाना भरताना व्हीएचएफ आणि यूएचएफ हे दोन पट्टे वेगळे ओळखावेत. व्हीएचएफचा टीव्हीसाठी आज अधिक वापरात असलेला वरचा पट्टा साधारण १७४ मेगाहर्ट्‌झपासून सुरू होतो आणि देशानुसार २१६ किंवा २३० मेगाहर्ट्‌झपर्यंत जातो. यूएचएफ टीव्हीचा पट्टा ४७० मेगाहर्ट्‌झपासून सुरू होतो. त्याची वरची मर्यादा मात्र मोबाइल सेवांना जागा करून देण्यासाठी खाली आणली गेली असून अमेरिकेत ती आता ६०८ मेगाहर्ट्‌झ आणि युरोपातील बहुतेक देशांत ६९४ मेगाहर्ट्‌झ आहे. जुना अँटेना याहून वरच्या वारंवारतांसाठीही बनवलेला असू शकतो, आणि मग तो ज्या लहरी आपल्याला नकोत त्याही उत्तम पकडतो.

हे आकडे कंटाळवाणे वाटले तरी अँटेनाचा आकार त्यांच्यावरच ठरतो. ३०० या संख्येला मेगाहर्ट्‌झमधील वारंवारतेने भागले की तरंगलांबी मीटरमध्ये मिळते. २०० मेगाहर्ट्‌झला तरंगलांबी १.५ मीटर होते, ५०० मेगाहर्ट्‌झला ०.६ मीटर. अँटेनाच्या मुख्य सळईची लांबी साधारणपणे अर्ध्या तरंगाएवढी असते, म्हणून व्हीएचएफसाठी सुमारे ७५ सेंटिमीटर आणि यूएचएफसाठी सुमारे ३० सेंटिमीटर सळई लागते. हातभर लांबीचा अँटेना दोन्ही पट्टे सारख्याच ताकदीने पकडेल, या दाव्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी ही दोन मापे आठवावीत.

पायरी २ : कोणती बाजू दुबळी आहे, ते ठरवणे

दोन्ही दिशांचे सिग्नल क्वचितच सारखे असतात. एक मनोरा २० किलोमीटरवर आणि दुसरा ६५ किलोमीटरवर, अशी विषम स्थितीच अधिक आढळते, आणि सगळी निवड या विषमतेवर अवलंबून असते. सिग्नलमधला फरक डेसिबलमध्ये मोजतात. ३ डेसिबलची घट म्हणजे शक्ती निम्मी होणे, १० डेसिबलची घट म्हणजे दहावा हिस्सा उरणे आणि २० डेसिबलची घट म्हणजे शंभरावा हिस्सा उरणे.

जुन्या अ‍ॅनालॉग प्रक्षेपणात सिग्नल अशक्त झाला की पडद्यावर मुंग्या येत, आणि इमारतींवरून परावर्तित झालेल्या लहरींमुळे चित्राला सावली पडत असे. चित्र खराब होत होत जाई. डिजिटल प्रक्षेपणात तसे होत नाही. एका ठरावीक पातळीपर्यंत चित्र स्वच्छ राहते आणि त्या पातळीच्या खाली गेले की एकदम तुकडे पडून नाहीसे होते. अमेरिकेत रुजलेल्या एटीएससी १.० पद्धतीत ही पातळी अशी, की सिग्नल गोंगाटापेक्षा, म्हणजे सोबत येणाऱ्या नको त्या विद्युत लहरींपेक्षा, सुमारे १५ डेसिबलने वर असावा लागतो. म्हणून दुबळ्या बाजूचे दोन-तीन डेसिबल जपणे अतिशय मोलाचे असते, तर सशक्त बाजूचे दहा डेसिबल गमावले तरी डोळ्याला काहीही जाणवत नाही.

पृथ्वीच्या गोलाईची मर्यादाही येथेच तपासावी. मनोऱ्याची आणि आपल्या अँटेनाची उंची मीटरमध्ये घेऊन प्रत्येकीचे वर्गमूळ काढावे, त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे; सपाट प्रदेशात लहरींचे क्षितिज किती किलोमीटरवर आहे, ते मिळते. मनोरा ३०० मीटर आणि अँटेना ९ मीटर उंचीवर असेल, तर १७.३ आणि ३ यांची बेरीज २०.३ होते आणि क्षितिज सुमारे ८४ किलोमीटरवर येते. त्यापलीकडचा सिग्नल हवामान अनुकूल असताना पोहोचतो आणि दुसऱ्या दिवशी हरवतो. खोक्यावर छापलेला शेकडो किलोमीटरचा पल्ला पृथ्वीची ही गोलाई बदलू शकत नाही.

पायरी ३ : अँटेनाची पाठ ओळखणे

सगळ्यांत साधा अँटेना म्हणजे द्विध्रुव, अर्थात डायपोल: मधोमध तुटलेली एक आडवी सळई. तो समोरून आणि मागून सारखेच पकडतो आणि सळईच्या दोन टोकांकडून येणारे जवळजवळ काहीच पकडत नाही. वरून पाहिले तर त्याची ग्रहणकक्षा इंग्रजी आठच्या आकड्यासारखी दिसते. प्रत्येक पाकळी साधारण ७८ अंश रुंद असते, म्हणजे मधल्या रेषेपासून दोन्ही बाजूंना सुमारे ३९ अंशांपर्यंत सिग्नल निम्म्याहून खाली जात नाही. आपल्या प्रश्नासाठी हा आकार जणू मुद्दाम बनवला आहे, आणि तरीही साधा म्हणून त्याच्याकडे दुर्लक्ष होते.

खिडकीला किंवा भिंतीला चिकटवायचे पातळ, सपाट अँटेनाही बहुधा याच जातीचे असतात. त्यांना मागे परावर्तक, म्हणजे लहरी परत फिरवणारी सळई किंवा जाळी, नसतो, त्यामुळे त्यांच्या दोन्ही बाजू सारख्याच काम करतात.

घरांच्या छपरांवर दिसणारा, एका दांड्यावर अनेक आडव्या सळया असलेला अँटेना यागी-उदा जातीचा असतो. जपानमधील सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ साली ही रचना मांडली. एक सळई केबलला जोडलेली असते, तिच्या मागे थोडी लांब सळई किंवा जाळी परावर्तकाचे काम करते आणि पुढच्या आखूड सळया लहरींना दिशा देतात. दांडा जितका लांब तितके तोंड अरुंद आणि पकड दूरची. याची पाठ बरीचशी बहिरी असते: चांगल्या यागीत समोरच्यापेक्षा मागचा सिग्नल १५ ते २० डेसिबलने दबतो. या फरकाला अग्र-पृष्ठ गुणोत्तर म्हणतात. एक सूक्ष्म गोष्ट अशी, की हे गुणोत्तर सर्व वारंवारतांना सारखे नसते. छापलेला आकडा बहुधा सर्वोत्तम वारंवारतेचा असतो.

फुलपाखराच्या पंखांसारख्या तारा एकावर एक बसवलेला आणि मागे जाळी असलेला यूएचएफ अँटेना या दोहोंच्या मधला आहे. त्याचे तोंड यागीहून रुंद असते आणि मागची जाळी काढता येत असेल, तर तो दोन तोंडांचा होतो.

चारी दिशांनी सारखे पकडणारे गोल किंवा थाळीसारखे अँटेना दोन दिशांच्या प्रश्नावर सोपे उत्तर वाटतात. दोन्ही मनोरे जवळ आणि सशक्त असतील, तर ते चालतातही. पण ते कोणत्याच दिशेला झुकत नसल्यामुळे त्यांची पकड कमी असते, आणि इमारतींवरून परत येणाऱ्या लहरी तसेच विजेच्या उपकरणांचा गोंगाट ते तितक्याच मोकळेपणाने आत घेतात. दुबळी बाजू खरोखर दुबळी असेल तर मी हा मार्ग सुचवणार नाही.

पायरी ४ : आधी एकाच अँटेनाने प्रयत्न

दोन दिशा म्हणजे दोन अँटेना, असे गृहीत धरू नये. दोन्ही मनोरे एकाच पट्ट्यात असतील आणि दुबळी बाजू फार दुबळी नसेल, तर दोन तोंडांचा एकच अँटेना पुष्कळदा पुरतो, आणि एकाच अँटेनात पुढे सांगितलेली जोडणीची कोणतीही अडचण उद्भवत नाही.

मनोरे अचूक १८० अंशांवर असण्याची गरज नाही. समजा, एक मनोरा ८० अंशांवर आणि दुसरा २४० अंशांवर आहे. दुसऱ्याची उलट दिशा ६० अंश येते. ८० आणि ६० यांचा मध्य ७०. अँटेनाचे एक तोंड ७० अंशांवर ठेवले की दुसरे आपोआप २५० अंशांवर जाते आणि प्रत्येक मनोरा मधल्या रेषेपासून फक्त १० अंश बाजूला राहतो, ज्याने द्विध्रुवाला काहीच फरक पडत नाही. सुरुवात या मध्यापासून करावी आणि नंतर दुबळ्या मनोऱ्याला झुकते माप द्यावे. मनोरे काटकोनाच्या जवळपास असतील, तर मात्र आठच्या आकड्याचा हा अँटेना कामाचा नाही.

जाळीचा अँटेना असल्यास जाळी काढून पाहावी. समोरची पकड २ ते ३ डेसिबलने उतरते आणि त्या मोबदल्यात पाठ उघडी होते. त्याचे तोंड दुबळ्या मनोऱ्याकडेच ठेवावे.

एकच अँटेना घरात लावायचा असेल तर जागेचा विचार नीट करावा. पूर्वेच्या खिडकीत लावलेला सपाट अँटेना पूर्वेचा सिग्नल काचेतून घेतो, पण पश्चिमेचा सिग्नल त्याच्यापर्यंत संपूर्ण घर ओलांडून येतो. काँक्रीटच्या भिंती तो खातात, आणि धातूची पन्नी असलेले उष्णतारोधक किंवा पत्र्याचे छप्पर तो जवळपास अडवूनच टाकते. दोन तोंडांच्या अँटेनासाठी खिडकीपेक्षा छपरावरची उघडी जागा योग्य, कारण तेथेच दोन्ही तोंडे खरोखर मोकळी राहतात.

पायरी ५ : दोन अँटेना एका केबलवर जोडणे

एका अँटेनाने भागले नाही, तरच येथे यावे. सर्वांत आधी तक्त्यातला वारंवारतेचा रकाना पाहावा. एका दिशेच्या सर्व वाहिन्या व्हीएचएफमध्ये आणि दुसऱ्या दिशेच्या सर्व वाहिन्या यूएचएफमध्ये असतील, तर नशीब उत्तम आहे असे समजावे. डायप्लेक्सर नावाचा छोटा डबा एका तोंडातून फक्त व्हीएचएफ आणि दुसऱ्या तोंडातून फक्त यूएचएफ आत घेतो, त्यात होणारी घट अगदी थोडी असते आणि दोन अँटेना एकमेकांच्या कामात ढवळाढवळ करत नाहीत. एखाद्या दिशेकडून एकच वाहिनी हवी असेल, तर तेवढीच वारंवारता आत घेणारा गाळक वापरूनही असेच स्वच्छ काम होते.

दोन्ही दिशांच्या वाहिन्या यूएचएफमध्ये मिसळलेल्या असतील, तर डायप्लेक्सरचा उपयोग नाही. मग एका केबलचे दोन भाग करणारा नेहमीचा स्प्लिटर उलटा जोडून दोन अँटेना एकत्र आणावे लागतात. यात प्रत्येक बाजूच्या सिग्नलची सुमारे ३.५ डेसिबल घट होते, म्हणजे निम्म्याहून थोडी अधिक शक्ती जाते. ही घट ठाऊक असते आणि तिचा हिशोब मांडता येतो. खरी अडचण वेगळीच असते.

मी पहिल्यांदा असे दोन यूएचएफ अँटेना जोडले, तेव्हा पश्चिमेच्या दूरच्या मनोऱ्यासाठी मोठा अँटेना घेतला होता आणि पूर्वेच्या जवळच्या मनोऱ्यासाठी लहान. जोडल्यावर पूर्वेच्या बाकी वाहिन्या पूर्वीसारख्याच दिसल्या, पण एक वाहिनी, जी आधी अगदी ठणठणीत होती, ती पूर्ण नाहीशी झाली. मी स्प्लिटर बदलला, केबलची टोके नव्याने बसवली, लहान अँटेना थोडा थोडा फिरवून पाहिला. काहीही फरक पडला नाही. शेवटी पश्चिमेच्या अँटेनाची केबल काढून ठेवली आणि त्याच क्षणी पूर्वेची ती वाहिनी परत आली. मोठा अँटेना पाठीमागून तीच वाहिनी पकडत होता, आणि त्याने पकडलेली लहर लहान अँटेनाच्या लहरीच्या उलट्या टप्प्यावर, म्हणजे एकीचा चढ तेथे दुसरीचा उतार अशी, स्प्लिटरमध्ये पोहोचून तिला पुसून टाकत होती.

याचा हिशोब असा. समजा, मोठ्या अँटेनाची पकड १२ डेसिबल आहे आणि त्याचे अग्र-पृष्ठ गुणोत्तर १० डेसिबल आहे. म्हणजे पाठीमागून तो २ डेसिबलने पकडतो. लहान अँटेनाची समोरची पकड ४ डेसिबल असेल, तर पाठीमागून आलेली प्रत मूळ सिग्नलपेक्षा फक्त २ डेसिबलने दुबळी आहे. दोन्ही लहरी उलट्या टप्प्यावर आल्या, तर सिग्नल जवळजवळ १४ डेसिबलने खचतो. हीच प्रत ६ डेसिबलने दुबळी असेल, तर जास्तीत जास्त खड्डा ६ डेसिबलचा पडतो, आणि १५ डेसिबलने दुबळी असेल, तर १.७ डेसिबलचाच. म्हणून जोडणीसाठी अँटेना निवडताना एका अँटेनाच्या पाठीची पकड दुसऱ्याच्या तोंडाच्या पकडीपेक्षा निदान १२ ते १५ डेसिबलने कमी राहील, असे पाहावे. खोक्यावरचे गुणोत्तर एकटे पाहून हे कळत नाही. दोन्ही अँटेनांचे आकडे शेजारी मांडावे लागतात. बहुधा याचा अर्थ असा निघतो, की लहानमोठी जोडी करण्याऐवजी चांगल्या परावर्तकाचे, एकाच जातीचे आणि एकाच आकाराचे दोन अँटेना घ्यावेत.

जोडताना दोन्ही अँटेनांपासून स्प्लिटरपर्यंतच्या केबल सारख्या लांबीच्या आणि एकाच प्रकारच्या ठेवाव्यात. लांबीत बराच फरक असेल, तर पाठीमागून आलेली प्रत उशिरा पोहोचते आणि एखाद्या वाहिनीच्या पट्ट्याच्या आतच खड्डे पडतात, जे सांभाळणे ट्यूनरला, म्हणजे टीव्हीतल्या वाहिनी पकडणाऱ्या भागाला, अवघड जाते. दोन अँटेना एकाच खांबावर वर-खाली, त्यांच्यात निदान १ मीटर अंतर ठेवून बसवावेत.

एवढे करूनही एखादी वाहिनी हरवली, तर तीन उपाय क्रमाने करावेत. पहिला, दोषी अँटेना त्याच्याच दिशेच्या रेषेत थोडा पुढे किंवा मागे सरकवणे. ५०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास ३० सेंटिमीटर म्हणजे अर्धा तरंग, आणि तेवढ्या अंतरात लहरी एकमेकींना पुसण्याऐवजी जोर देऊ लागतात. माझी हरवलेली वाहिनी मोठा अँटेना सुमारे वीतभर मागे घेतल्यावर परतली. दुसरा, एका केबलमध्ये सुमारे २५ सेंटिमीटरची भर घालणे. केबलमध्ये लहर हवेपेक्षा हळू चालते, म्हणून तेथे अर्धा तरंग एवढ्याच लांबीत बसतो. तिसरा, दोहोंपैकी एक अँटेना त्याच्या दांड्याभोवती अर्धा वळसा देऊन उलटा बसवणे, ज्यामुळे सळईच्या डाव्या-उजव्या टोकांची अदलाबदल होऊन लहरीचा टप्पाच उलटतो. या शेवटच्या उपायात केबल जोडण्याच्या डबीचे पाणी निथळण्याचे भोक वर येत नाही ना, हे मात्र पाहावे. कोणताही उपाय एका वाहिनीला तारताना दुसरीला बुडवू शकतो, म्हणून प्रत्येक बदलानंतर सगळ्या वाहिन्या तपासाव्यात.

ध्रुवणाचा रकाना येथे कधी कधी अनपेक्षितपणे मदतीला येतो. एका मनोऱ्याचे ध्रुवण आडवे आणि दुसऱ्याचे उभे असेल, तर एक अँटेना सळया आडव्या ठेवून आणि दुसरा उभ्या ठेवून बसवावा. मग प्रत्येक अँटेना नको त्या मनोऱ्याला पाठीने आणि ध्रुवणाने असा दुहेरी नाकारतो.

दोन्ही मनोऱ्यांवर एकाच वारंवारतेवर प्रक्षेपण असेल, तर दोन वेगळ्या गोष्टी संभवतात. कार्यक्रम वेगळे असतील, तर दोन अँटेना जोडणे पूर्णपणे टाळावे, कारण ते एकमेकांना मारतील. पण दोन्ही मनोरे एकाच जाळ्याचे असून तोच कार्यक्रम ताळमेळ साधून पाठवत असतील, तर ट्यूनर दोन्ही प्रती सामावून घेतो. युरोपीय डीव्हीबी-टी पद्धतीत ८ मेगाहर्ट्‌झच्या चॅनेलवर यासाठी २२४ मायक्रोसेकंदांपर्यंतची मोकळीक ठेवता येते. तेवढ्या वेळात लहर सुमारे ६७ किलोमीटर जाते. अशा जाळ्यात दोन दिशांचा प्रश्नच उरत नाही, जो मनोरा सशक्त त्याच्याकडे तोंड करावे.

पायरी ६ : न जोडता दोन्ही दिशा मिळवणे

माझे स्पष्ट मत असे आहे, की दोन्ही दिशा एकाच पट्ट्यात असतील आणि दोन ट्यूनर ठेवणे शक्य असेल, तर अँटेना जोडूच नयेत. एका अँटेनाची केबल थेट टीव्हीला द्यावी, दुसऱ्याची केबल वेगळ्या ट्यूनर डब्याला द्यावी आणि तो डबा टीव्हीच्या एचडीएमआय तोंडाला किंवा घरच्या नेटवर्कला जोडावा. स्प्लिटरची घट नाही, पाठीमागून येणाऱ्या प्रतीची भीती नाही, आणि एका दिशेची वाहिनी पाहताना दुसऱ्या दिशेची नोंदवूनही ठेवता येते. एक डबा अधिक आणि दोन ठिकाणी वाहिन्या शोधाव्या लागणे, एवढीच याची किंमत आहे.

दोन केबलपैकी एक निवडणारा स्विच हा याहून साधा मार्ग. स्विच बंद असलेल्या बाजूचा सिग्नल पुरेसा अडवणारा असावा, नाहीतर तो नकळत स्प्लिटरसारखाच वागू लागतो.

खांब फिरवणारी मोटर, म्हणजे रोटेटर, एकच उत्तम अँटेना सगळीकडे वळवते, आणि मनोरे दोनाहून अधिक दिशांना विखुरलेले असतील, तेथे तिला पर्याय नाही. मात्र ती सावकाश फिरते, तिचे दात वाऱ्यापावसात झिजतात आणि घरात दोघांना दोन दिशांच्या वाहिन्या एकाच वेळी पाहता येत नाहीत.

पायरी ७ : केबल आणि अँप्लिफायर

केबल ७५ ओहमची, आरजी-६ प्रकारची घ्यावी. यूएचएफमध्ये तिच्या ३० मीटर लांबीत साधारण ५ डेसिबलची घट होते, म्हणून विनाकारण वेटोळी ठेवू नयेत.

अँप्लिफायर दुबळ्या सिग्नलला सुधारत नाही. तो पुढची केबल आणि स्प्लिटर यांत होणारी घट भरून काढतो. म्हणून त्याची जागा अँटेनाजवळ खांबावर असते, टीव्हीमागे नव्हे. दोन दिशांच्या जोडणीत एक वेगळाच धोका असतो. पश्चिमेच्या दुबळ्या मनोऱ्यासाठी लावलेल्या अँप्लिफायरला पूर्वेचा जवळचा मनोरा पाठीमागूनही इतका मोठा सिग्नल देऊ शकतो, की अँप्लिफायर गुदमरतो आणि दोन्ही बाजूंच्या वाहिन्या एकदम बिघडतात. अशा वेळी कमी वाढ देणारा अँप्लिफायर घ्यावा. जवळ मोबाइलचा मनोरा असल्यास त्या वारंवारता अडवणारा गाळक अँप्लिफायरच्या आधी बसवावा. नंतर बसवल्यास उपयोग नाही. अँप्लिफायरला वीज केबलमधूनच जाते, तेव्हा वाटेतला स्प्लिटर त्या बाजूने वीज पुढे जाऊ देणारा आहे, याची खात्री करावी.

पायरी ८ : छपरावर आणि पडद्यासमोर

विजेच्या तारांपासून खांबाच्या पूर्ण लांबीपेक्षा अधिक अंतर राखावे, म्हणजे खांब निसटून पडला तरी तारेला शिवणार नाही. छप्पर ओले असताना किंवा वारा असताना वर चढू नये, आणि एकट्याने तर कधीच चढू नये. खांब आणि केबलचे बाह्य आवरण या दोहोंना नियमाप्रमाणे भूसंपर्कन (अर्थिंग) द्यावे. केबल घरात शिरण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी तेथूनच गळून पडते.

दिशा जुळवताना सिग्नलची ताकद न पाहता गुणवत्ता पाहावी. टीव्हीच्या मेनूत हे दोन आकडे वेगळे असतात. ताकद ९० आणि गुणवत्ता ३० असेल, तर परावर्तित लहरी किंवा दुसऱ्या अँटेनाची प्रत आड येत आहे. खांब एका वेळी पाच अंश फिरवावा, हात बाजूला घ्यावा, दहा सेकंद थांबावे आणि मगच आकडा लिहावा, कारण डिजिटल ट्यूनरला स्थिर व्हायला वेळ लागतो आणि शेजारी उभ्या माणसाचे शरीरही लहरी बदलते. सर्वाधिक आकडा दाखवणाऱ्या दिशेपेक्षा सर्वांत दुबळ्या वाहिनीला स्थिर ठेवणारी दिशा निवडावी.

वाहिन्या शोधताना एक सावधगिरी बाळगावी. पुष्कळ टीव्हींवर स्वयंचलित शोध नव्याने सुरू केला की आधीची यादी पुसली जाते. स्विच किंवा रोटेटर असेल, तर पहिल्या दिशेला पूर्ण शोध घ्यावा आणि दुसऱ्या दिशेला वाहिन्या 'जोडण्याचा' पर्याय वापरावा. तो नसेल, तर दुसऱ्या दिशेच्या वारंवारता तक्त्यातून पाहून एकेक हाताने भराव्यात.

काम झाल्यावर प्रत्येक वाहिनीची गुणवत्ता त्याच तक्त्यात तारखेसह लिहून ठेवावी, आणि झाडांना पालवी फुटल्यावर व मोठ्या पावसानंतर आकडे पुन्हा पाहावेत. एकाच दिशेच्या वाहिन्या घसरल्या असतील, तर त्या दिशेचा अँटेना हलला आहे, त्याच्या जोडात पाणी शिरले आहे किंवा वाटेत पाने आली आहेत. दोन्ही दिशांच्या वाहिन्या एकदम घसरल्या असतील, तर छपरावर चढण्याआधी स्प्लिटरपासून टीव्हीपर्यंतची केबल आणि अँप्लिफायरचा वीजपुरवठा तपासावा.